गुडघ्याला बाशिंग बांधण्याआधी

ट्रॅक डेचं पहिलं सत्र संपलं की पिट लेनमध्ये एक ठरलेलं दृश्य दिसतं. हेल्मेट निघायच्या आधीच मंडळी खाली वाकून मागच्या टायरच्या कडा तपासायला लागतात. कडेचा न घासलेला, कोरा पट्टा किती रुंद राहिलाय, यावरून कोणी गाडी किती झोपवली याचा निकाल लागतो. मग गुडघ्यावरच्या स्लायडरची पाहणी होते, एखादा ओरखडा तरी आलाय का म्हणून. ‘उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण ज्याने कोणी केली त्याने लेदर सूट पाहिला नसेल, पण माणूस बरोबर ओळखला होता.

गाडी झोपणं आणि गुडघा टेकणं हे वेगाचे परिणाम आहेत. त्यांच्यामागे लागून वेग येत नाही, उलट बरेचदा जातो. वळणातला वेग आणि त्यासाठी लागणारा विश्वास या दोन्हींची बहुतेक कमाई वळण सुरू होण्याआधीच्या दोन-तीन सेकंदांत होते. म्हणून ज्याला वळणात वेगवान व्हायचंय त्याने आधी वळणात शिरताना हळू व्हायला शिकावं. हे ऐकायला उलटं वाटतं, तेव्हा थोडं गणित मांडतो.

समजा, ५० मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळाकार वळण आहे. त्यातून ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना गाडी साधारण ३० अंश झुकते. ७० ला हाच झुकाव ३८ अंशांच्या आसपास जातो आणि ८० ला ४५. टायरला रुंदी असते, त्यामुळे प्रत्यक्षात यात काही अंशांची भर पडते. आता लांब सरळ पट्टीवरून ताशी १२० ने येऊन या वळणासाठी ६० पर्यंत खाली यायचं आहे. बऱ्यापैकी जोरात ब्रेक लावला तर त्याला ५३ मीटर आणि दोन सेकंदांहून किंचित जास्त वेळ लागेल. तुम्ही शूरपणा करून १० मीटर उशिरा ब्रेक लावला, तर तेवढ्यात वेग उतरवायला ब्रेकचा जोर जवळपास सव्वापट लागतो. वाचतो किती वेळ? सेकंदाचा दहावा भाग. त्याच वळणातून ६० ऐवजी ६५ ने गेलात तर मात्र ९.४ सेकंदांचं काम ८.७ मध्ये होतं. त्यासाठी गाडी फक्त चार अंश जास्त झोपवावी लागते. शिवाय पुढच्या सरळ पट्टीवर तुम्ही तेवढ्याच वाढीव वेगाने निघता, तो फायदा निराळाच.

नवशिका मात्र नेमका दहाव्या भागासाठी जीव टाकतो. ब्रेक उशिरा लावतो, घाबरून गरजेपेक्षा जास्त लावतो, आणि वळणात शिरेपर्यंत वेग ५० वर आलेला असतो.

आता हे वरचे पाच किलोमीटर आणायचे कुठून?

आधी डोळे

अमेरिकेतले प्रशिक्षक कीथ कोड यांनी १९८० मध्ये कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल सुरू केलं. चेन्नईच्या ट्रॅकवर या स्कूलचे वर्ग अनेकदा झाले आहेत आणि आपल्याकडच्या बऱ्याच रायडरांची शिकवणी तिथून सुरू झाली. कोड यांचा एक दाखला प्रसिद्ध आहे: चालवणाऱ्याचं लक्ष म्हणजे खिशातले दहा डॉलर. त्यातले नऊ ‘वेग जास्त तर नाही ना’ या काळजीत गेले, तर गाडी चालवायला एकच उरतो. वळणाची भीती वाटते तेव्हा बहुतेकदा हेच झालेलं असतं. टायरची पकड भरपूर शिल्लक असते, लक्ष तेवढं संपलेलं असतं.

ते वाचवायचं तर ट्रॅकवर खुणा ठरवून घ्यायच्या. प्रत्येक वळणाला निदान चार लागतात: ब्रेक कुठे लावायचा, गाडी कुठे वळवायची, आतल्या कडेला कुठे सर्वांत जवळ जायचं, म्हणजे अपेक्स, आणि बाहेर कुठे निघायचं. खूण हलणारी नको. सावली दुपारी सरकते, कोन कोणीतरी उडवतं. डांबरावरचा जोड, कर्बचा रंग बदलतो ती जागा, मार्शलच्या चौकीचा खांब या चांगल्या खुणा. पहिल्या सत्रात वेगाचा विचार सोडा आणि फक्त खुणा गोळा करा. सत्र संपल्यावर कागदावर ट्रॅक काढून बघा. ज्या वळणाशी पेन्सिल अडखळते, तिथेच थ्रॉटलही अडखळलेला असणार.

खुणा ठरल्या की नजर एक घर पुढे ठेवायची. वळवण्याच्या खुणेपर्यंत पोहोचताना नजर अपेक्सवर गेलेली हवी, अपेक्स यायच्या आधी ती बाहेरच्या टोकाला लागलेली हवी. यासाठी नुसते डोळे फिरवून भागत नाही, हनुवटी वळावी लागते. गाडी झोपलेली असताना आपण समोरच्या चाकापुढच्या आठ-दहा मीटर डांबराकडे बघायला लागलो की तोच वेग दुप्पट वाटतो. नजर लांब गेली की वेग तोच राहून सगळं सावकाश घडल्यासारखं होतं. आणि घाबरल्यावर माणूस ज्याकडे बघतो, तिकडेच गाडी जाते. वाळूकडे टक लावलीत तर वाळूतच जाल.

शिरण्याचा वेग

यासाठी मला माहीत असलेला सर्वांत उपयोगी सराव म्हणजे ब्रेकशिवाय चालवणं. एखादाच गिअर, फार तर दोन, ठेवा. सरळ पट्टीवर पूर्ण जोर न लावता बेताचा वेग घ्या आणि वळणाआधी फक्त थ्रॉटल सोडून वेग जुळवा. पुढच्या ब्रेकला अगदीच गरज पडली तर हात लावायचा. मागून येणारे गोंधळू नयेत म्हणून हे नवशिक्यांच्या गटात आणि आयोजकांना सांगूनच करा. ब्रेकची चैन काढून घेतली की आपल्याला या वळणाला खरोखर किती वेग लागतो, याचा अंदाज अंगात मुरायला लागतो. गंमत अशी की या सरावात अनेकांचा वळणातला वेग नेहमीपेक्षा जास्तच निघतो. सरळ पट्टीवर घाबरून जादा ब्रेक लावायची सवय त्यांना आधी दिसलेलीच नसते.

वेग बरोबर होता का, हे ओळखायचं कसं? थ्रॉटल कुठे उघडता आला ते आठवा. गाडी झुकवून झाली, रेषा धरली आणि लगेच हलकासा थ्रॉटल देता आला, तर शिरण्याचा वेग जमला. अपेक्स ओलांडेपर्यंत मूठ बंदच ठेवावी लागली, तर एकतर वेग जास्त होता किंवा गाडी लवकर वळवली.

या दुसऱ्या कारणावर थोडं थांबावं लागेल, कारण ट्रॅकवरचा सर्वांत पसरलेला आजार तोच आहे. वळण दिसलं की मन म्हणतं, वळ बाबा लवकर, नाहीतर राहशील. आपण खुणेच्या आधीच आत शिरतो. सुरुवातीला फार छान वाटतं, आतली कडा लगेच जवळ येते. पण अपेक्स लवकर आल्यामुळे उरलेलं अर्धं वळण अजून बाकी असतं आणि गाडी बाहेरच्या कडेकडे ओढली जाऊ लागते. मग वळणाच्या मध्यावर आणखी झुकवणं, थ्रॉटल सोडणं, प्रसंगी ब्रेकला बोट लावणं, सगळी धावाधाव एकाच वेळी. चालवणाऱ्याला वाटतं की वेग जास्त झाला. पुढच्या फेरीत तो आणखी हळू येतो, हळू आल्यामुळे आणखी लवकर वळवतो, आणि पुन्हा बाहेर फेकला जातो.

उपाय सोपा आहे, अंगवळणी पडायला मात्र वेळ लागतो. वेग तोच ठेवून गाडी एक-दोन मीटर उशिरा वळवा, आणि वळवताना सावकाश न ओतता ठामपणे वळवा. ठामपणे म्हणजे मूठ ढकलून. उजवीकडे जायचं तर उजवी मूठ पुढे ढकलायची, डावीकडे जायचं तर डावी. ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या वर प्रत्येक मोटरसायकल अशीच वळते. तुम्ही आजवर नकळत हेच करत आलात. अंग टाकल्याने गाडी वळते, असं अजूनही अनेकांना वाटतं. कोड यांनी हा वाद मिटवायला एक गाडीच बनवून घेतली. तिला दुसरं हँडल थेट चौकटीवर घट्ट बसवलेलं होतं आणि त्यावर थ्रॉटलही होता. ते धरून कितीही अंग हलवलं तरी गाडी जराशी हलते, पण मनासारखी वळत नाही. अंगाचं काम वेगळं आहे, त्याकडे येतोच.

वळवणं एकदाच झालं पाहिजे. वळणात दोन-तीनदा टप्प्याटप्प्याने झुकवावं लागत असेल, तर वळवायची खूण चुकली किंवा नजर अपेक्सवर नव्हती, असं समजा.

थ्रॉटलचा आवाज

ट्रॅकवर जाल तेव्हा एक सत्र न चालवता घालवा. एखाद्या मध्यम वेगाच्या वळणाशी कुंपणाबाहेर, सुरक्षित जागी उभे राहा आणि डोळे मिटून ऐका. एक गाडी येते, आवाज उतरतो, मग ‘व्रूं’, पुन्हा बंद, पुन्हा ‘व्रूं’, पुन्हा बंद, आणि वळण संपल्यावर एकदम किंचाळी. दुसरी येते, आवाज उतरतो, क्षणभर थांबतो, आणि तिथून एकाच सुरात चढत जातो, कुठे तुटत नाही. डोळे उघडले तर ही दुसरी गाडी कदाचित दीडशे सीसीची आर१५ असेल आणि पहिली तिच्या दुप्पट ताकदीची.

कारण यांत्रिक आहे. गाडी झोपलेली असताना हलका, सतत वाढणारा थ्रॉटल दिला की भार थोडा मागच्या चाकाकडे जातो. मागचा टायर रुंद असतो, तो तेवढा भार पेलतो. दोन्ही सस्पेन्शन आपल्या मधल्या पट्ट्यात राहून काम करतात. मूठ झटक्यात बंद केली की भार पुढच्या अरुंद टायरवर आदळतो, पुढचा भाग दबतो, जमिनीपासूनचं अंतर कमी होतं, आणि आधीच कामात असलेल्या टायरला आणखी काम मिळतं. गाडी बिचकते. आपणही बिचकतो, म्हणून पुन्हा मूठ बंद होते. सुरुवातीचा थ्रॉटल किती द्यायचा? वेग वाढल्याचं जाणवू नये, फक्त इंजिनाचा ओढा थांबावा, इतकाच. जोर लावायचा तो गाडी उभी होऊ लागल्यावर, झुकाव जितका कमी होईल तितकी मूठ जास्त.

इथे एक बारीक गोष्ट कामाला येते. ब्रेक सोडून थ्रॉटलवर येताना उजवं मनगट खाली पडलेलं असेल, तर मूठ एकदम जास्त फिरते आणि गाडीला हिसका बसतो. बसतानाच मूठ थोडी बाहेरच्या अंगाने, स्क्रू-ड्रायव्हर धरतात तशी तिरकी धरा आणि कोपर खाली सोडा. मग मनगट सरळ राहतं आणि थ्रॉटल मिलिमीटरने उघडता येतो.

हाताचा प्रश्न निघालाच आहे तर पकडीचंही सांगतो. बहुतेक जण हँडलला लोंबकळतात. ब्रेक लावताना शरीराचा सगळा भार तळव्यांवर येतो, हात ताठ होतात, आणि ताठ हातांनी वळवायला गेलं की एक हात ढकलतो आणि दुसरा त्याच्याशी भांडतो. भार पायांनी आणि पोटाने पेलायचा. ब्रेकच्या वेळी दोन्ही मांड्यांनी टाकी आवळा. वळणात बाहेरच्या बाजूचा गुडघा टाकीच्या खाचेत रोवून, बाहेरचा पाय फूटपेगवर दाबून स्वतःला अडकवून घ्या. हात सैल आहेत का, याची चाचणी वळणाच्या मध्यावर घेता येते: आतला हात हलकेच पंख फडफडावा तसा हलवता आला तर सैल आहेत. हलवता येत नसेल तर तुम्ही हँडलवर बसलाय, सीटवर नाही.

आता अंग बाहेर काढण्याबद्दल. शरीर आतल्या बाजूला नेलं की तोच वेग आणि तीच रेषा राखायला गाडीला थोडं कमी झुकावं लागतं, टायर आणि फूटपेगला थोडी जागा मिळते. एवढाच त्याचा उपयोग. त्यासाठी अर्ध्या बैठकीहून जास्त बाहेर यायची गरज नाही. डोकं आणि आतला खांदा आत आणि खाली नेणं महत्त्वाचं. फोटोत पुष्कळदा उलटं दिसतं: बैठक पूर्ण बाहेर, आणि डोकं मात्र टाकीच्या वर, दुसऱ्या बाजूला. अशा वेळी गुडघा टेकतोही, पण गाडीचा झुकाव एक अंशानेही कमी झालेला नसतो. आणि हे सरकणं ब्रेक लावण्याच्या आधी किंवा ब्रेकच्या सुरुवातीलाच उरकायचं. वळवताना सरकलात तर हँडल हललंच म्हणून समजा.

ब्रेक आत नेणं

वरचं सगळं जमल्यावर, आणि त्याआधी नाही, ट्रेल ब्रेकिंगकडे वळा. गाडी झुकवायला सुरुवात केल्यावर पुढचा ब्रेक एकदम न सोडता हळूहळू सैल करत अपेक्सच्या दिशेने न्यायचा, असं हे तंत्र. यावर प्रशिक्षकांमध्ये दोन तट आहेत. काही जण आधी ब्रेक संपवून मग वळवायला शिकवतात, काही पहिल्या दिवसापासून ब्रेक आत न्यायला सांगतात. माझ्या मते ज्याचे हात अजून ताठ आहेत त्याच्या बोटाला झुकलेल्या गाडीवर ब्रेक देणं हा धोका आहे. म्हणून क्रम पहिला तोच बरा.

पकडीचा हिशेब मात्र वाटतो त्यापेक्षा उदार आहे. टायरची ८० टक्के पकड वळण्यात खर्च होत असेल, तर ब्रेकसाठी २० टक्केच उरते असं नाही. दोन्ही बळं एकमेकांशी काटकोनात असल्यामुळे कागदावर ६० टक्के उरते. पण हाच हिशेब टोकाला कंजूष होतो: वळण्यात ९५ टक्के गेले की ब्रेकसाठी जेमतेम ३१ उरतात. म्हणून झुकाव वाढेल तसा ब्रेक कमी, हे एका सलग लयीत व्हायला हवं. लिव्हर सोडताना बोट उडालं नाही पाहिजे. सुरुवातीला शेवटचे पाच टक्केच आत न्या, फक्त फोर्क एकदम उसळून वर येऊ नये एवढ्यापुरते.

जायचं कुठे, न्यायचं काय

महाराष्ट्रात मोठ्या ट्रॅकची वानवा, हे दुखणं जुनं आहे. चाकणच्या कारखान्यातून आरसी ३९० बाहेर पडते, पण तिला मोकळं सोडायचं तर पुण्याहून सुमारे १,२०० किलोमीटरवर चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला जावं लागत आलंय. तिथला ३.७ किलोमीटरचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट, जुन्या लोकांचा एमएमआरटी, शिकायला उत्तम: वेगवान आणि संथ, दोन्ही वळणं एकाच फेरीत मिळतात. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे लहान, सुमारे २.१ किलोमीटरचा. कमी ताकदीच्या गाडीवर सुरुवात करणाऱ्याला तो फार मानवतो. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली आणि २०२३ मध्ये मोटोजीपी. तिथे सरळ पट्ट्या इतक्या लांब आहेत की छोट्या गाडीवर कंटाळा येतो आणि मोठ्या गाडीवर नवशिक्याचा सगळा जीव ब्रेकमध्येच अडकतो. पहिला ट्रॅक म्हणून मी तो सुचवणार नाही. ताम्हिणी किंवा आंबेनळी घाटात मात्र यातलं काहीही करून बघू नका. तिथे वळणापलीकडे एसटी असते, रेती असते, म्हैस असते.

सूट पूर्ण लेदरचा हवा. एकसंध, नाहीतर कंबरेला पूर्ण चेनने जोडणारा. मनगट झाकणारे हातमोजे, घोटा पकडणारे बूट, पाठीचं प्रोटेक्टर, फुल-फेस हेल्मेट. सूट बऱ्याच ठिकाणी भाड्याने मिळतो, मापाचा मिळेल याची खात्री आधी करा. चेन, ब्रेक पॅड, तेलगळती स्वतः तपासून जा, कारण छाननीत गाडी नापास झाली तर पैसे परत मिळतीलच असं नाही. विम्याच्या पॉलिसीवर ‘वापराच्या मर्यादा’ नावाचा रकाना असतो. नेहमीच्या मोटार विम्यात आयोजित शर्यती आणि वेगचाचण्या त्यातून वगळलेल्या असतात. ट्रॅक डे त्यात मोडतो की नाही हे विमा कंपनीला लेखी विचारा, तोंडी उत्तरावर जाऊ नका.

टायरची हवा ट्रॅकसाठी थोडी कमी ठेवतात, कारण टायर तापला की दाब वाढतो. किती, ते टायर बनवणाऱ्या कंपनीच्या शिफारशीवरून ठरवा, शेजारच्या पिटमधल्या मित्राच्या आकड्यावरून नव्हे. त्याचा टायर वेगळा, गाडी वेगळी. दाब सत्र संपल्याबरोबर गरम टायरवर मोजून नोंदवून ठेवा. पहिल्या दोन फेऱ्या टायर तापायला द्याव्याच लागतात. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त असतात, त्यामुळे टायरची डावी बाजू उशिरा तापते. बरेच घसरणारे पहिल्या डाव्या वळणावर घसरतात ते यामुळे.

झेंडे पाठ करा. पिवळा म्हणजे पुढे कोणीतरी पडलंय, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सत्र थांबलं, हात वर करून सावकाश पिटमध्ये. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे पुढे घसरडं आहे. काळा तुम्हाला दाखवला तर तुमच्यातच किंवा गाडीत काहीतरी बिघडलंय.

दिवसाची आखणी करताना एका सत्रात एकच गोष्ट घ्या. सकाळी खुणा, मग ब्रेकशिवाय, मग एकाच वळणाची वळवण्याची जागा, मग थ्रॉटल. दुसऱ्या कुणाच्या मागे लागून वेग वाढवू नका. पुढच्याच्या ब्रेकच्या जागेवर तुम्ही चाललात तर ती त्याची समजूत असते, तुमची नाही. लॅप टायमर पहिल्या दिवशी खिशातच ठेवा. इरुंगट्टुकोट्टईच्या उन्हात लेदरमध्ये पंधरा-वीस मिनिटं म्हणजे घामाची आंघोळ, तेव्हा दोन सत्रांच्या मध्ये साधं पाणी पुरत नाही, ओआरएस घ्या. दुपारच्या जेवणानंतरचं आणि संध्याकाळचं शेवटचं सत्र, या दोन वेळी अंग जड झालेलं असतं आणि मन म्हणत असतं की आता जमलंय. शेवटचं सत्र अर्ध्यात सोडून देण्यात काही कमीपणा नाही.

आणि गाडी चालवतच घरी जायचं असेल तर निघण्याआधी टायरची हवा पुन्हा रस्त्याच्या मापाला भरा, काढलेले आरसे लावा, दिव्यांवरची चिकटपट्टी काढा, ब्रेक पॅड किती उरलेत ते टॉर्च लावून बघा. पहिले पन्नास किलोमीटर मुद्दाम सावकाश जा. दिवसभर ट्रॅकवर राहून डोळ्यांना ताशी ८० म्हणजे रेंगाळल्यासारखं वाटत असतं, आणि महामार्गावर समोरून उलट्या बाजूने ट्रॅक्टर येतो.